भंडाऱ्याखालचा जॉइंट

"दुरुस्त काही करायचं न्हाय, मिस्त्री. घड्याळ बरोबर हाय, एवढं बघून सांगायचं. उद्या अमीनसाबापुढं बी तेवढंच सांगायचं."

अप्पांनी मला पाणी विचारायच्या आधी हे सांगितलं. मी नुकताच बैलगाडीतून उतरलो होतो. तुळजापूरपर्यंत सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या बसनं, आणि तिथून अणदूरपर्यंत गाडीनं, शेजारी कडब्यात रुतवून ठेवलेली बॅटरी. सगळी वाट मी तिला तान्ह्या पोरासारखा धरून होतो, कारण ॲसिड सांडलं असतं तर कडबा गेला असता, धोतर गेलं असतं आणि बैलही गेले असते. उतरलो तेव्हा डोळ्यांवर झापड होती. माझा तो जन्माचा गुण आहे. दुपारचं ऊन आणि इंजिनतेलाचा वास एकत्र आला की मला अर्धवट स्वप्नात असल्यासारखं वाटतं, आणि खरं सांगायचं तर माझं बरंचसं चांगलं काम मी तशाच अवस्थेत केलं आहे.

दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं होती. आमच्याकडं राज्य निजामाचं. पेट्रोल परमिटवर मिळायचं आणि पोलीस फौजदाराला अमीन म्हणायचे. वायरिंगचं काम मी सोलापूरच्या एका गॅरेजात शिकलो होतो आणि धाराशिवला एका लिंबाखाली दुकान मांडलं होतं. त्या भागात मोटारीच थोड्या. त्यांच्या वायरिंगला हात लावणारे त्याहून थोडे. म्हणून अणदूरच्या अप्पांनी मला बोलावलं.

अप्पा लिंगायत व्यापारी. ज्वारी आणि करडईची आडत. घरात कानडी, दुकानात मराठी, कचेरीत उर्दू, आणि राग आला की तिन्ही. त्यांची लॉरी अमेरिकी बनावटीची, तेव्हाच जुनी. घड्याळ म्हणजे वेळेचं नव्हे. ड्रायव्हरसमोरच्या पत्र्यावर, ज्याला डॅशबोर्ड म्हणतात, टाकीत पेट्रोल किती आहे ते दाखवणारा काटा असतो. आमच्याकडं त्याला सरसकट घड्याळ म्हणत. मी ज्याला गेज म्हणतो, ते हेच.

झालं होतं ते असं. शनिवारी संध्याकाळी अप्पांनी चावी फिरवून घड्याळ बघितलं. काटा निम्म्यावर. सोमवारी सकाळी ज्वारीची पोती घालून लॉरी निघायची, तेवढ्यात ड्रायव्हरनं टाकीला थाप मारली आणि म्हणाला, "मालक, पेट्रोल कम लगता." अप्पा म्हणाले, काटा निम्म्यावर आहे, निघा. लॉरी तुळजापूरच्या वाटेवर निम्म्यात बंद पडली. ड्रायव्हरनं बॅटरी मरेपर्यंत सेल्फ मारला. टाकीचं झाकण काढून बघितलं तर आत कोरडं. शेवटी लॉरीला बैल जुंपून ती गावात आणली, भर बाजारातून. पोरंसोरं मागं, बाया ओट्यावर. अप्पांनी ते सगळं दुकानातून बघितलं.

"मला सांगा, मिस्त्री," अप्पा म्हणाले, "म्या काटा बघितला निम्म्यावर. यानं थाप मारून सांगितलं, कमी हाय. याला कसं कळलं? ज्यानं काढलं त्यालाच ठाऊक असणार का न्हाय?"

परमिटचं पेट्रोल काळ्या बाजारात विकणं म्हणजे सरळ तुरुंग. अप्पांनी सांगितलं, उद्या अमीन येणार आहे.

तो ड्रायव्हर अंगणातल्या चिंचेखाली उभा होता. मौलाचाचा. पिकलेली दाढी, गुडघ्यापर्यंत विजार, खांद्यावर फडकं. अप्पांच्या वडिलांच्या वेळी हेच चाचा बैलगाडी हाकायचे. अप्पा लहानपणी त्याच गाडीच्या साटीत झोपून बाजारांना गेलेले. लॉरी आली तेव्हा चाचांनी कासरा सोडला आणि व्हील धरलं. आता अप्पांनी चावी काढून घेऊन स्वतःच्या करदोट्याला बांधली होती. तरी चाचा रोज सकाळी येत होते आणि बंद लॉरी पुसत होते. इतकी वर्षं 'चाचा' म्हणणारे अप्पा आता त्यांना 'ड्रायव्हर' म्हणत होते.

"मैं बोला मालक को," चाचा मला हळूच म्हणाले, "बेलभंडारा उठाता. खंडोबा के सामने. झूठ बोला तो हात झड जाएंगे."

अणदूर खंडोबाचं गाव. तिथं खरंखोटं करायचं झालं तर देवासमोर बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, हातात उचलून शपथ घेतात. बेलभंडारा उचलला की पुढं कुणी बोलत नाही.

"मग?"

"मालक बोले, तुम्हारा देव अलग है."

चाचा एवढंच बोलले आणि फडकं झटकायला लागले. त्यांचा चेहरा मी नीट बघू शकलो नाही. चोरीच्या आळापेक्षा हे वाक्य त्यांना जास्त लागलं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

मी बॅटरी बसवली. अप्पा शेजारी येऊन उभे राहिले. करदोट्याची चावी सोडून माझ्या हातात दिली. मी ती फिरवली. काटा जागा झाला, थोडा थरथरला आणि सावकाश चढत चढत निम्म्यावर येऊन थांबला.

"बघा!" अप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी माझा दंडच धरला. "म्हटलं न्हवतं? निम्म्यावर! शनिवारी बी तिथंच. घड्याळ एकदम बरोबर हाय!"

मी विचारलं, "अप्पा, आता टाकीत काय आहे?"

"आता कुठलं? कोरडी हाय की..."

आणि ते थांबले.

तुम्हाला वाटेल, इथंच निकाल लागला. मलाही तसंच वाटलं. पण अप्पा व्यापारी माणूस, तराजू एका बाजूला झुकला की लगेच दुसऱ्या पारड्याकडं बघणार. ते म्हणाले, "मग आज बिघडलंय. शनिवारी बरोबर होतं. मधल्या दिवसांत कुणी तरी हात घातलाय. आपलं झाकायला. रोज फडकं घेऊन लॉरीपाशी कोण असतं?"

चिंचेखाली फडकं झटकायचं थांबलं.

म्हणजे आता प्रश्न घड्याळ बिघडलंय का, हा राहिला नव्हता. कधी बिघडलं आणि कुणी बिघडवलं, हा होता. नुसतं दुरुस्त करून मोकळा झालो असतो, तर काटा नीट चालला असता आणि चाचा तुरुंगात गेले असते. मी अप्पांना म्हणालो, "मला दुपार द्या."

आणि डॅशबोर्डखाली उताणा पडलो.

ती दुपार मला अजून दिसते. आता डोळ्यांत मोतीबिंदू आहे, समोरचं दिसत नाही, पण ती दिसते. पाठीखाली गोणपाट, पाय लॉरीबाहेर, आणि तोंडासमोर वायरींचं जंगल. जुन्या गाड्यांच्या वायरीवर रबर आणि त्यावर विणलेलं सुती कापड असायचं. त्या कापडात रंगीत दोरा विणलेला. लाल दोरा दिव्याचा, हिरवा टाकीचा, असं काहीतरी. त्यावरून कुठली वायर कुठं जाते ते ओळखायचं. इथं मी वर बघितलं तर सगळ्या वायरी पिवळ्या. एकजात पिवळ्या. काचेच्या खाली, बॉनेटच्या मागं, हवा यायला पत्र्याची एक झडप असते. ती उघडी होती. तिच्यातून उन्हाची एक पट्टी माझ्या छातीवर पडली होती आणि त्या पट्टीत पिवळी धूळ तरंगत होती. सावकाश, वर-खाली. दूर देवळात कुणीतरी घंटा वाजवली. हळदीचा आणि जुन्या खोबऱ्याचा वास आला. मला वाटलं, मी लॉरीत नाही, देवाच्या गाभाऱ्यातच पडलो आहे.

किती वेळ तसाच पडून होतो कोण जाणे. "झोपला का काय मिस्त्री?" या आवाजानं भानावर आलो.

अप्पांच्या घरातून अक्का आल्या होत्या, त्यांची बायको. हातात ताकाचा तांब्या. मी म्हटलं, "झोपलो नाही. वायरी ओळखायच्यात. सगळ्या एका रंगाच्या झाल्यात. खुणेला चिंध्या मिळतील का, वेगवेगळ्या रंगांच्या?"

त्या आत गेल्या आणि पदरात चिंध्या घेऊन आल्या. खणाचा हिरवा तुकडा, जुन्या लुगड्याचा लाल काठ, अप्पांच्या पटक्याची किनार. देताना खाली वाकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "माझ्या लग्नाची वरात चाचांच्याच गाडीतून आली, मिस्त्री. ते तसले न्हाईत. पण आमचं माणूस एकदा बोललं की माघारी येत न्हाय. तुमी काय ते त्यांच्या डोळ्याला दाखवा."

मग मी कामाला लागलो. रंग नसला तर वायर ओळखायची रीत सोपी आहे, फक्त वेळखाऊ आहे. बॅटरी सोडवायची. एक लहान दिवा आणि टॉर्चचा सेल घ्यायचा. वायरीच्या एका टोकाला सेल लावायचा आणि दुसरीकडची टोकं एकेक करून दिव्याला लावत जायची. जिथं दिवा लागला ते तिचं टोक. तिला चिंधी बांधायची आणि पुढची घ्यायची. दिव्यांची वायर, तिला लाल काठ. बॅटरीच्या मीटरची, तिला पटक्याची किनार. टाकीकडं जाणारी शेवटी सापडली. तिला मी खणाची हिरवी चिंधी बांधली. पिवळ्या जंगलात ती एक हिरवी चिंधी इतकी छान दिसत होती की मी उगाच तिला आणखी एक गाठ मारली.

आता थोडं गेजबद्दल सांगतो. टाकीत बुचाचा गोळा तरंगतो. त्याची दांडी तारेच्या एका वेटोळ्यावरून सरकते. टाकी भरलेली असली की विजेला त्या वेटोळ्यातून लांबून जावं लागतं, अडथळा जास्त. टाकी रिकामी झाली की अडथळा जवळपास नाहीच. काही गाड्यांत हे उलटं असतं, या लॉरीत असं होतं. म्हणजे घड्याळ पेट्रोल मोजत नाही. घड्याळ अडथळा मोजतं. वाटेत आणखी कुठं अडथळा आला, तर बिचारं त्यालाही पेट्रोल समजतं.

परत बॅटरी जोडली. टाकीपाशी जाऊन तिथलं वायरीचं टोक सोडवलं आणि लॉरीच्या लोखंडाला टेकवलं. यानं काटा शून्यावर यायला हवा. नाही आला. निम्म्यावरच. म्हणजे टाकीचा दोष नाही. मग गेजच्या मागचं टोक लोखंडाला टेकवलं. काटा झटकन शून्यावर. म्हणजे गेजही ठीक. दोष मधल्या वाटेवर. हिरवी चिंधी धरून मी हात सरकवत नेला. झडपेच्या बरोबर खाली, दोन वायरी स्क्रूनं जोडतात तो जॉइंट होता.

होता, म्हणजे असावा. दिसत नव्हता. तिथं एक पिवळा गोळा होता. वरून पिवळा, कडेनं निळसर हिरव्या, मोरचुदी रंगाचा. रस्त्याकडेच्या देवाच्या दगडावर शेंदराचे थर चढतात, तसा पापुद्र्यावर पापुद्रा.

मी त्याला हात लावला नाही. परत गोणपाटावर डोकं टेकलं आणि विचार केला. हा गोळा कशाचा ते मला कळलं होतं. अप्पांना सांगायचं कसं, ते कळत नव्हतं. खंडोबाच्या गावात बसून, खंडोबाच्या भक्ताला, तुमच्या भंडाऱ्यानं लॉरी बिघडली, असं सांगायचं! नुसतं 'गंज चढला' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मग गंज चढवला कुणी, हे अप्पांनी विचारलंच असतं. मला भीती वाटत होती, हे कबूल करायला हरकत नाही.

मी चाचांना बोलावलं. "चाचा, लॉरीची पूजा कशी होते?"

"हर इतवार को. मालक नारल फोडते, पानी बॉनेट पे डालते, नाक से लेके कांच तक. फिर भंडारा उडाते. थाली मैं पकडता."

"आणि ही झडप?"

"खुल्ली रहती. गर्मी बहुत है ना."

"पाणी आत जातं, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिखा. मगर मैं झडप बंद करता, तो लोगां बोलते, मौला देव का पानी रोकता. देव का पानी था मिस्त्री, मैं क्या बोलूं?"

मग मी अप्पांना हाक मारली. म्हटलं, "अप्पा, मी सांगत नाही. तुम्ही स्वतः बघा."

अप्पा तसे देहानं भारदस्त. गोणपाटावर उताणे होता होता त्यांनी कानडीत बरंच काही म्हटलं. मी टॉर्च धरला. "त्या हिरव्या चिंधीपासून बघत या. तो गोळा दिसतो? त्याला कुठं चीर आहे का, कुणी फोडून परत बसवलाय का, बघा."

बराच वेळ ते बघत होते. "न्हाय. अख्खा हाय."

"त्याच्या आत जॉइंट आहे. कुणाला घड्याळ बिघडवायचं असतं तर आधी हा फोडावा लागला असता. आता तुम्हीच फोडा. तुमच्या हातानं."

अप्पांनी नखानं एक पापुद्रा काढला. तो त्यांच्या छातीवर पडला. त्यांनी तो चिमटीत धरला, नाकाशी नेला. मी त्यांच्याकडं बघत होतो. माणसाला काही कळतं तेव्हा त्याचा श्वास बदलतो, तो मी ऐकला.

"भंडारा," ते म्हणाले.

"आणि नारळाचं पाणी."

"किती दिसांचा असंल?"

"ते तुम्हीच सांगा. लॉरी आल्यापासून एकही रविवार चुकला नाही म्हणतात."

मी त्यांना समजावलं. नारळाच्या पाण्यानं तांबं खाल्लं जातं, त्यावर हळदीचा लेप बसतो, विजेला वाट अवघड होते. घड्याळ त्या अवघडपणालाच पेट्रोल समजत होतं. रविवारी रविवारी थोडं थोडं. म्हणून काटा शनिवारीही खोटा होता आणि त्याच्या आधीच्या शनिवारीही.

अप्पा तसेच पडून म्हणाले, "आमी म्हणत हुतो, देवाची बरकत हाय. लॉरी कुठं बी जाऊन आली तरी काटा निम्म्याखाली येत न्हाय. सगळ्या गावाला सांगत हुतो."

मी त्यांना सीटवर बसवलं आणि काट्यावर नजर ठेवायला सांगितलं. मी खाली जाऊन गोळा फोडला, स्क्रू काढला, तांब्याची टोकं कानशीनं लखलखीत घासली आणि पुन्हा घट्ट आवळली.

"काय म्हणतो काटा?"

मी बाहेर येऊन बघितलं. काटा शून्यावर आडवा पडला होता. अप्पा त्याच्याकडं बघत बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बरकत गेली म्हणून, की चाचांसाठी, मला माहीत नाही. बहुधा दोन्हीसाठी.

मग ते उतरले. मूठ मिटलेली. चिंचेखाली गेले. उन्हं कलली होती आणि अंगणभर तो पिवळेपणा पसरला होता, की माझ्याच पापण्यांवर भंडारा होता, आता सांगता येणार नाही.

"चाचा," अप्पा म्हणाले.

कितीतरी दिवसांनी तो शब्द अंगणात आला. दारात उभ्या अक्कांनी पदर तोंडाला लावला.

अप्पांनी मूठ उघडली. तळहातावर तो हिरवट पिवळा पापुद्रा होता. "तुमी बेलभंडारा उचलतो म्हणालात. म्या नको म्हणालो. देवानं आधीच ठेवला हुता की, लॉरीत. साक्षीला. आता म्या उचलतो. तुमच्यावर परत शक घेतला, तर हात झडंल तो माझा."

चाचा त्या तळहाताकडं बघत राहिले. मग त्यांनी आपल्या दोन्ही हातांनी अप्पांची मूठ परत मिटवली आणि म्हणाले, "पहले पेट्रोल डालो, मालक. टाकी सूखी पडी है."

अप्पा रडता रडता हसले. करदोट्याला हात घातला, तर चावी नव्हती. ती लॉरीतच होती, मी फिरवून ठेवलेली. चाचाच जाऊन बसले.

अमीन दुसऱ्या दिवशी आला, ताक प्याला आणि गेला.

पुढं मी अणदूरला पुष्कळदा गेलो. एकदा रविवारी पूजाही बघितली. नारळ तसाच, भंडारा तसाच, गर्दीही तशीच. फक्त नारळ फोडायच्या आधी अप्पा सगळ्या गावादेखत ओरडायचे, "चाचा, झडप!" चाचा पुढं होऊन झडप लावायचे, आणि मगच येळकोट व्हायचा. सीटशेजारी एक लिंबाची काठीही आली होती, टाकीत बुडवून बघायला. तिलाही हळद लावलेली असायची.

नंतर जन्मभर मी वायरिंगच केलं. काटा खोटा दाखवायला लागला की लोकांना आधी ड्रायव्हर आठवतो, मग क्लीनर, मग मिस्त्री. मी त्यांना सांगत असे, माणसावर शक घ्यायच्या आधी जॉइंट घासून बघा. घासायला कानस लागते आणि एक दुपार लागते, एवढाच खर्च.